आजोबा पहिल्या पाळीला निघतात तेव्हा

मुलांनो, आज आधी एका घरात डोकावू. हे घर मी मनानं रचलंय, पण निगडी, आकुर्डी, चिंचवड, भोसरी या भागात राहणाऱ्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल.

पहाटेचे पाच वाजलेत. सगळे गाढ झोपेत. आजोबा मात्र उठलेत. अंधारातच दाढी केली, शर्ट नीट पँटमध्ये खोचला, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. "अगं, डबा झाला का? बस चुकेल माझी!" आजी दचकून उठते. आजोबांना निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालीत. कंपनीची बस आता त्यांच्यासाठी कुठल्याच कोपऱ्यावर थांबत नाही. आवाजानं जागा झालेला नातू डोळे चोळत बाहेर येतो. त्याला हसू फुटतं. "आजोबा, तुम्ही तर रिटायर झालात!" आजोबांचा चेहरा एकदम पडतो. मग ते चिडतात. नातवाकडे निरखून बघतात आणि विचारतात, "तू कुणाचा रे?"

आता नातवाचं हसू थांबतं.

अशा वेळी शेजारीपाजारी काय म्हणतात, ते तुम्ही ऐकलं असेल. "म्हातारचळ लागलाय." किंवा मग ठरलेली म्हण, साठी बुद्धी नाठी. ही म्हण चटकन तोंडात बसते, आणि मला वाटतं म्हणूनच तिनं आपलं फार नुकसान केलंय. कारण ती एकदा म्हटली की पुढे काही करायचं उरतच नाही. वय झालं, चालायचंच, असं म्हणून घरचे गप्प बसतात. डॉक्टरकडे नेत नाहीत.

तर या म्हणीचं गणित आपण तपासून पाहू. साठी ओलांडलेल्या भारतीयांची देशभर एक मोठी पाहणी झाली. तिचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात शंभरातल्या साधारण सात जणांना, नेमकं सांगायचं तर ७.४ टक्के लोकांना, स्मृतिभ्रंश असल्याचं आढळलं. म्हणजे शंभरातल्या ९२-९३ जणांना तो नव्हता! म्हण गणितात नापास झाली. पण म्हणून सात हा आकडा लहान समजू नका. देशभराचा हिशेब केला तर ही माणसं सुमारे ८८ लाख भरतात. वय झालं म्हणून ती अशी झालेली नाहीत, ती आजारी आहेत. मधुमेह हा जसा आजार, दमा हा जसा आजार, तसाच हाही. फक्त तो मेंदूत होतो, त्यामुळे बाहेरून दिसत नाही.

पिंपरी-चिंचवडला हा विषय आताच का जवळचा वाटू लागलाय, त्याचंही कारण आहे. हे शहर वाढलंच मुळी तरुणांच्या जोरावर. १९५४ मध्ये पिंपरीत पेनिसिलीन बनवणारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी आली. मग आकुर्डीत बजाज, १९६६ मध्ये पिंपरीत टेल्को, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो लहान-मोठी वर्कशॉपं. सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, कुठून कुठून विशीतली पोरं आली. १९७२ च्या दुष्काळात तर गावात राहून खायचं काय, हाच प्रश्न होता. १९७० मध्ये इथं नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. त्या नगरपालिकेच्या वेळी जो विशीत होता, तो कामगार आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. आज सकाळी चाकणच्या कारखान्यांकडे बसगाड्यांची जी रांग लागते, तिच्यात या आजोबांची मुलं आणि नातवंडं बसलेली असतात. तरुणांचं शहर आता आजी-आजोबांचंही झालंय.

आता आजाराकडे वळू. १९०१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात आउगुस्टे डेटर नावाच्या बाईला रुग्णालयात आणलं गेलं. तिला साध्या साध्या गोष्टी आठवत नव्हत्या, नीट लिहिता येत नव्हतं, ती उगीच संशय घ्यायची. वय किती? अवघं ५१! (साठीच्या म्हणीला हा दुसरा धक्का.) डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी तिची सगळी लक्षणं बारकाईनं लिहून ठेवली. १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या अवतीभवती कसल्यातरी गोळ्या जमलेल्या, आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. आज आपल्याला माहीत आहे, की त्या गोळ्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या असतात आणि तो गुंता टाऊ नावाच्या प्रथिनाचा. पेशी हळूहळू निकामी होतात, मरतात. या आजाराला त्या डॉक्टरांचंच नाव मिळालं.

स्मृतिभ्रंश म्हणजे मात्र फक्त अल्झायमर नव्हे. ताप कसा मलेरियानं येतो, टायफॉइडनंही येतो, तसा स्मृतिभ्रंश वेगवेगळ्या कारणांनी होतो. दहातल्या सहा-सात जणांमध्ये कारण अल्झायमर असतं. काहींच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या रक्तदाब किंवा मधुमेहामुळे खराब होतात, रक्त पोचत नाही आणि तेवढा भाग बंद पडतो. आणि काही वेळा तर खरा स्मृतिभ्रंश नसतोच. बी-१२ जीवनसत्त्व कमी झालं, थायरॉइड बिघडलं, मन फार उदास झालं, एखादं औषध मानवलं नाही, तरी म्हातारं माणूस असंच विसराळू आणि गोंधळलेलं दिसतं. यातली बरीच कारणं उपचारांनी आटोक्यात येतात. म्हण म्हणून गप्प बसलात, तर हे कळणार कसं?

इथं तुमच्यातल्या काहींना घाम फुटला असेल. "परवा मी कंपासपेटी शाळेत विसरलो!" घाबरू नका. कंपासपेटी कुठं ठेवली हे विसरणं निराळं, आणि कंपासपेटी हातात घेऊन 'हिचं करायचं काय' असा प्रश्न पडणं निराळं. आजी चष्मा विसरली तर काळजी नको. आयुष्यभर ज्या रस्त्यानं मंडईत गेली त्याच रस्त्यावर ती चुकायला लागली, तोच प्रश्न दहा मिनिटांत पाचव्यांदा विचारू लागली, दुधाचे पैसे मोजताना गोंधळू लागली, तर मात्र घरच्यांना सांगा. कधी कधी हे आधी मुलांच्याच लक्षात येतं. मोठी माणसं कामात असतात, आणि आजीबरोबर पत्ते खेळायला तुम्ही असता.

पण आमचे आजोबा कालचं जेवण विसरतात आणि चाळीस वर्षांपूर्वीची बस त्यांना आठवते, हे कसं? सगळ्यांना हे कोडं वाटतं. काही घरांत तर "सोंग करतात" असंही म्हणतात. ते सोंग नसतं. आपल्या मेंदूत दोन्ही बाजूंना, कानाच्या पातळीला आत, हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा भाग असतो. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून हे नाव. नवी आठवण पक्की करून ठेवायचं काम याचं. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या एका तरुणाला फिट्स येत. १९५३ मध्ये त्यासाठी त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. फिट्स कमी झाल्या, पण त्या दिवसापासून नवी आठवण टिकेना. लहानपणचं आठवे, पण आत्ता भेटून गेलेला माणूस दहा मिनिटांनी परत आला तर नव्यानं नमस्कार! ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. करून बघा, भलतं अवघड आहे. तो रोज ती आधीपेक्षा छान गिरवू लागला, आणि रोज म्हणे की हे मी पहिल्यांदाच करतोय! डोक्यातली नोंद गेली होती, हातातली शिल्लक होती.

अल्झायमर साधारणपणे याच हिप्पोकॅम्पसच्या आसपास सुरू होतो. म्हणून आधी ताज्या आठवणी जातात, जुन्या बराच काळ टिकतात, आणि हातांची सवय त्याहूनही टिकते. आमच्या आजोबांच्या डोक्यात निवृत्तीचा समारंभ उरलेला नाही, नातवाचा जन्म उरलेला नाही. उरलीय ती पहिली पाळी, लेथ मशीन, डबा आणि बस. त्यांच्या दृष्टीनं ते खरंच बोलताहेत. ते तेहतीस वर्षांचे आहेत आणि समोर एक अनोळखी मुलगा उभा राहून त्यांना सांगतोय, की तुम्ही म्हातारे झालात. राग येणार नाही तर काय?

म्हणून वाद घालू नये. आणि परीक्षाही घेऊ नये. पाहुणे आले की हमखास हा खेळ सुरू होतो: "ओळखा बघू, मी कोण?" मला हा खेळ अजिबात आवडत नाही. ज्याला उत्तर येत नाही त्याला सगळ्यांदेखत उभं करून प्रश्न विचारला की कसं वाटतं, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार! त्यापेक्षा आपणच सांगावं, "आजोबा, मी तुमचा नातू, तुमच्या थोरल्या मुलाचा मुलगा." लहान वाक्य, एका वेळी एकच गोष्ट, समोर बसून, टीव्ही बंद करून.

पहाटे पाचला काय करायचं? काही घरांत सांगतात, "आज गुरुवार आहे, सुट्टी आहे." पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे त्या पिढीच्या हाडीमाशी खिळलेलं. आजोबा शांत होतात. यावर कुणी म्हणेल, हे खोटं बोलणं झालं. हो, झालं, आणि ज्यांना ते नको वाटतं त्यांच्यासाठी दुसरी वाटही आहे. आजोबांना कामाबद्दलच विचारा. कोणत्या मशीनवर होतात? मायक्रोमीटर कसा धरायचा? बोनस मिळाला तेव्हा पहिल्यांदा काय घेतलं? बोलता बोलता चहा होतो, उजाडतं, आणि बस मागे पडते. वेगवेगळ्या मापांचे नट, बोल्ट, वॉशर एका डब्यात मिसळून द्या आणि निवडायला सांगा. ज्याला तुमचं नाव आठवत नाही तो माणूस नुसत्या बोटांनी माप ओळखतो. तिथं तुम्हीच नापास व्हाल!

संध्याकाळी आणखी एक प्रकार होतो. दिवस कलला की अशी बरीच माणसं अस्वस्थ होतात. स्वतःच्याच घरात बसून म्हणतात, "मला घरी जायचंय." कोणतं घर? कदाचित माण-खटावमधलं, जे आता पडलंही असेल. पत्ता समजावून उपयोग नसतो. हात धरून जरा अंगणात नाहीतर गच्चीत एक फेरी मारली तर बरं वाटतं.

या सगळ्यात घरातली एक बाई, आजी नाहीतर आई, पार थकून जाते. कारखान्यात नियम असतो, की पाळी संपली तरी पुढचा माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. त्या येणाऱ्याला रिलीव्हर म्हणतात. घरातल्या या बाईच्या तिन्ही पाळ्या तिच्याच, आणि रिलीव्हर येतच नाही. तुम्ही रोज शाळेतून आल्यावर एक तास आजोबांजवळ बसलात, तर तिला एक झोप मिळते. आजोबांचं उष्टं खाल्लं किंवा त्यांच्याशेजारी झोपलं तर हा आजार लागत नाही. आणि "मलाही होणार का?" ही भीती मनात असेल, तर ऐका: थेट आईबापांकडून उतरणारे प्रकार फार थोडे आहेत.

मोठा धोका असतो तो हरवण्याचा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' नावाचा मराठी चित्रपट आहे. जमलं तर घरच्यांबरोबर बघा. त्यात संस्कृतचे एक मोठे पंडित आहेत, त्यांना हाच आजार झालाय. मुलगी त्यांना गाडीत बसवून जरा वेळ बाजूला जाते, तेवढ्यात रस्त्यानं एक हत्ती जातो, आणि हे लहान मुलासारखे त्याच्यामागे चालू लागतात. मोहन आगाशे यांनी ही भूमिका केलीय, आणि ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत! हत्तीवाल्याची बायको त्या अनोळखी म्हाताऱ्याला आईसारखी सांभाळते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुसरी गोष्ट अशी, की एवढे शिकलेले, पाठांतरात मुरलेले पंडित, तरी त्यांनाही होतो. तेव्हा हा आजार झालेल्या कुणालाही "डोकं वापरलं नाही म्हणून झालं" असं म्हणायची सोय नाही.

खऱ्या रस्त्यावर हत्तीवाल्याची बायको भेटेलच असं नाही. जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावरची वाहनं तर तुम्ही बघताच. म्हणून आजोबांच्या शर्टाच्या खिशात नाव आणि घरच्यांचे फोन नंबर लिहिलेला कागद ठेवावा, त्यांचा अलीकडचा एक फोटो हाताशी असावा. कोपऱ्यावरचा वाणी, रिक्षावाले काका, सोसायटीचा वॉचमन यांना सांगून ठेवावं. यात लाज कसली? हरवले तर वाट बघत न बसता ११२ वर फोन करायचा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशभराची मदतवाहिनीही आहे.

औषधं आहेत का? लक्षणं काही काळ जरा सुसह्य करणारी आहेत. लेकानेमॅब नावाच्या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. ते अमायलॉइड काढून टाकतं, पण सुरुवातीच्या रुग्णांतच, आणि आजार थांबत नाही, थोडा मंदावतो. परीक्षेच्या दिवसांत जाहिरातीतून येणाऱ्या 'स्मरणशक्तिवर्धक' बाटल्यांवर मात्र पैसे घालवू नका. त्यांनी स्मृतिभ्रंश टळतो, असा पुरावा नाही.

टाळण्यासारखं काय आहे, ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये मोजून सांगितलं. चौदा गोष्टी सांभाळल्या तर जगातल्या स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा त्यांचा आजार पुढे ढकलला जाईल. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, सिगारेट, दारू, लठ्ठपणा, बसून राहणं ही नावं तुम्ही ओळखाल. पण यादीत अशाही गोष्टी आहेत, ज्या आपल्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी नीट वाचायला हव्यात.

पहिली म्हणजे शाळा! लहानपणी कमी शिकायला मिळणं हे मोठ्या कारणांपैकी एक. शिकताना मेंदूत पेशींचे जोड वाढतात, आणि पुढे काही बिघडलं तरी पर्यायी रस्ते शिल्लक राहतात. मघाच्या पाहणीत स्मृतिभ्रंश पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळला, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. त्या पिढीच्या मुलींना तिसरी-चौथीतून काढून भावंडं सांभाळायला बसवायचे. त्याची किंमत साठ वर्षांनी अशीही मोजावी लागते. वर्गातली एखादी मैत्रीण शाळा सोडणार असं कळलं, तर बाईंना जरूर सांगा.

हैदराबादला सुवर्णा अल्लादी यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, निरक्षर लोकांतसुद्धा. दुसऱ्या काही अभ्यासांत एवढा फरक दिसला नाही, म्हणून लगेच पैज लावू नका. पण पिंपरी कॅम्पात सिंधी, शेजारच्या जिन्यात कानडी, वरच्या मजल्यावर मल्याळी आणि भोजपुरी, असं शहर मिळालंय, तर एखादी भाषा उचलायला पैसे थोडेच पडतात?

मग डोक्याचा मार. डोक्याला जबर दुखापत झालेल्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. ज्या गावात लाखो दुचाकी बनल्या, त्याच गावात क्लासला जाताना मागच्या सीटवर बसलेला मुलगा बिनहेल्मेटचा दिसतो. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवं, असं कायदाच सांगतो. दवाखान्यात नुसती केसांची काळजी घेऊन येणारा मी तरी पाहिला नाही.

आणि कान. ऐकू कमी येणं हे त्या यादीतलं सर्वांत वरच्या दोन कारणांपैकी एक आहे. ऐकू येईना की माणूस बोलणं टाळतो, एकटा पडतो, आणि मेंदूला खुराक मिळेनासा होतो. प्रेस शॉपमध्ये धातूचे पत्रे ठोकणाऱ्या मशीनजवळ तीस वर्षं काढलेल्यांना "काय? काय?" करताना तुम्ही ऐकलंच असेल. त्यांची चेष्टा करू नका, कानाच्या डॉक्टरकडे न्या. श्रवणयंत्र लावायला आजोबा कुरकुरतील, तर चष्मा लावतात ना, असं विचारा. वडील किंवा आई कारखान्यात जात असतील, तर कानात घालायचे इअरप्लग ते खरंच घालतात की खिशातच ठेवतात, हेही आज रात्री जेवताना विचारून बघा. आणि त्यांनी उलट तुमच्या इअरफोनच्या आवाजाबद्दल विचारलं, तर खरं उत्तर तयार ठेवा!

एवढ्याशा कानात आवाज पोचतो कसा, आणि मोठ्या आवाजानं तिथं नेमकं काय मोडतं, ते पुढच्या अंकात.